खानदेशचा वारसा फोटोंतून कसा दिसतो? अजिंठ्याच्या गिलपासून चाळीसगावच्या केकी मूसपर्यंत

भुसावळच्या जुन्या युरोपीय दफनभूमीत मेजर रॉबर्ट गिल यांची कबर आहे. अजिंठ्याच्या लेण्यांचे सुरुवातीचे फोटो काढणारा हा माणूस १८७९ च्या एप्रिलमध्ये गेला. तिथून मुंबईच्या दिशेनं रेल्वेनं निघालं की सव्वाशे किलोमीटरच्या आत चाळीसगाव येतं. चाळीसगाव स्टेशनजवळच्या एका बंगल्यात केकी मूस नावाच्या फोटोग्राफरनं जवळपास पन्नास वर्षं स्वतःला कोंडून घेतलं होतं. ३१ डिसेंबर १९८९ ला तो तिथेच वारला.

भारताच्या सांस्कृतिक वारशाच्या फोटोंचा विषय निघाला की ताजमहाल, बनारसचे घाट, राजस्थानचे किल्ले यांच्याबद्दल बोललं जातं. जळगाव-धुळ्याचं नाव कुणी घेत नाही. पण देशाचा वारसा कॅमेऱ्यात कसा आला, त्यात काय वाचलं आणि काय निसटलं, हे समजून घ्यायला खानदेशाइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. लेणी, देवळं, आदिवासी समाज, काँग्रेसचं अधिवेशन, स्टुडिओतला कलाकार, घरातला अल्बम असं सगळं एकाच पट्ट्यात सापडतं.

एक खुलासा आधीच. अजिंठा लेणी खानदेशात येत नाहीत. ती पूर्वी निजामाच्या हद्दीत होती, आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत. पण लेण्यांना जाणारे बहुतेक लोक जळगाव स्टेशनवर उतरतात. तिथून लेणी साठेक किलोमीटरवर आहेत आणि फर्दापूरचा पायथा खानदेशाला लागूनच आहे. गिल यांचा शेवटही खानदेशातच झाला. त्यामुळे ही गोष्ट अजिंठ्यापासूनच सुरू करावी लागते.

अजिंठ्यात कॅमेरा कसा आला?

१८१९ साली जॉन स्मिथ नावाचा मद्रास फौजेतला अधिकारी शिकारीच्या निमित्तानं वाघूर नदीच्या खोऱ्यात आला आणि त्याला लेणी दिसली, ही गोष्ट शाळेपासून सगळ्यांना माहीत असते. (आसपासच्या गावकऱ्यांना ती आधीपासून माहीत होती, हे मात्र शाळेत सांगत नाहीत.) पुढची पंचवीसेक वर्षं येईल तो पाहुणा लेण्यांची वर्णनं लिहीत राहिला. स्थापत्याचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यानं १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत निबंध वाचला आणि ही चित्रं नष्ट होण्याआधी त्यांच्या नकला करून घ्या, असा आग्रह धरला. त्यानुसार १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं मद्रास फौजेतल्या गिल यांची नेमणूक केली.

लक्षात घ्या, गिल फोटो काढायला आले नव्हते. भिंतीवरची चित्रं बघून मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात उतरवायची, हे त्यांचं काम होतं. अजिंठा गावातल्या बारादरीत मुक्काम, रोज लेण्यांपर्यंतचा प्रवास आणि आत अंधार, असा त्यांचा दिनक्रम वर्षानुवर्षं चालला. तयार झालेले कॅनव्हास लंडनला जात होते आणि तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावले जात होते. ३० डिसेंबर १८६६ ला क्रिस्टल पॅलेसला आग लागली. गिल यांच्या वीसेक वर्षांच्या कामातले जेमतेम काही कॅनव्हास वाचले.

मधल्या काळात, १८५० च्या दशकात, गिल यांच्या हातात कॅमेरा आला होता. १८६४ मध्ये लंडनमध्ये त्यांच्या फोटोंची पुस्तकं निघाली. त्यातल्या लेण्यांवरच्या पुस्तकात ७४ फोटो होते आणि मजकूर फर्ग्युसन यानं लिहिला होता. यातले बरेच फोटो 'स्टिरिओ' पद्धतीचे होते. म्हणजे एकाच दृश्याचे किंचित अंतरावरून घेतलेले दोन फोटो शेजारी शेजारी लावायचे आणि दुर्बिणीसारख्या यंत्रातून बघायचे. दोन्ही डोळ्यांना वेगवेगळी प्रतिमा दिसते आणि खोली जाणवते. लंडनच्या दिवाणखान्यात बसलेल्या माणसाला अजिंठ्याचे खांब पुढे आलेले दिसायचे. आजच्या थ्रीडी चष्म्याचा हा पणजोबाच.

आगीतून वाचलेल्या गोष्टींत हे फोटो होते, कारण त्यांच्या अनेक प्रती वेगवेगळ्या हातांत गेल्या होत्या. कॅनव्हास एकच असतो. फोटोची प्रत निघते, हा मोठा फरक.

मग फोटोतून अजिंठ्याची चित्रं का दिसत नाहीत?

गिल यांचे फोटो बघितले तर एक गोष्ट खटकते. लेण्यांची दर्शनी बाजू, खांब, स्तूप, मूर्ती स्पष्ट आहेत. ज्यासाठी अजिंठा जगात गाजला ती भित्तिचित्रं मात्र फार हाती लागत नाहीत.

त्याची दोन कारणं होती. पहिलं म्हणजे अंधार. त्या काळच्या प्रचलित पद्धतीत काचेवर रसायनाचा थर द्यायचा, चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुवायची. हे सगळं काही मिनिटांत उरकावं लागायचं. आत उजेड नसेल तर काच कितीही वेळ उघडी ठेवली तरी पुरेसं उमटत नाही. उशीर झाला तर थर वाळतो. फर्दापूर-अजिंठ्याचा उन्हाळा ज्यांनी अनुभवलाय, त्यांना ही काच किती लवकर वाळत असेल ते वेगळं सांगायला नको.

दुसरं कारण जास्त रंजक आहे. त्या काळच्या काचांना निळा प्रकाश कळायचा, लाल आणि पिवळा जवळजवळ कळायचाच नाही. म्हणून जुन्या फोटोंत आकाश पांढरंफटक दिसतं आणि लाल वस्तू काळी. अजिंठ्याच्या चित्रांत गेरूचा लाल आणि पिवळ्या मातीचा रंग भरपूर आहे. म्हणजे जे रंग चित्रकारांनी मुक्तहस्तानं वापरले, नेमक्या त्याच रंगांना तो कॅमेरा आंधळा होता. आगीनंतर गिल पुन्हा ब्रश घेऊन लेण्यांत गेले ते यामुळेच.

पुढे काय झालं तेही महत्त्वाचं आहे. मुंबईच्या कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ दरम्यान विद्यार्थ्यांच्या मदतीनं पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही अनेक नकला १८८५ मध्ये लंडनच्या साऊथ केन्सिंग्टनमधल्या आगीत गेल्या. एकदा आग लागली तर अपघात म्हणता येईल. दुसऱ्यांदाही तेच झाल्यावर मूळ वस्तूची नोंद एकाच जागी ठेवण्यातला धोका कळायला हवा होता.

१९२० च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी पापुद्रे सुटत असलेली चित्रं भिंतीला घट्ट केली, पण वरून लाखेचा थर दिला. हेतू चांगला होता. कालांतरानं मात्र तो थर पिवळा-तपकिरी पडला आणि चित्रं झाकोळली. त्यामुळे त्याआधीचे फोटो आज पुराव्यासारखे वापरले जातात. व्हिक्टर गोलूब्यू यानं १९१० च्या सुमारास काढलेले फोटो त्यातलेच. एखाद्या बोधिसत्त्वाच्या खांद्याजवळचा तुकडा तेव्हा होता का, कधी पडला, ते या फोटोंशी ताडून बघता येतं.

नंतर गुलाम याझदानी यांनी निजामाच्या पुरातत्त्व खात्यातर्फे १९३० ते १९५५ दरम्यान अजिंठ्यावर चार खंड काढले आणि छापील रंगांत ही चित्रं अभ्यासकांपर्यंत पोहोचली. १९५४ मध्ये युनेस्कोनं अजिंठ्याचा अल्बम काढला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बिनॉय बहल यांनी फ्लॅश न वापरता, अगदी कमी उजेडात, शटर बराच वेळ उघडं ठेवून फोटो काढले. मूळ रंग किती जिवंत आहेत ते लोकांना पहिल्यांदा कळलं. आज लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, तरी मोबाइल वर करून 'एकच, एकच' म्हणणारे पर्यटक रोज भेटतात.

गिल यांच्याबद्दल बोलताना पारो हे नाव येतंच. अजिंठा परिसरातली ही स्थानिक स्त्री गिल यांची सोबतीण होती. तिची कबर अजिंठा गावात आहे आणि तिच्यावर १८५६ साल कोरलंय. ना. धों. महानोर यांनी तिच्यावर 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिलं आणि त्यावर २०१२ मध्ये नितीन चंद्रकांत देसाई यांनी त्याच नावाचा सिनेमा काढला. मराठी वाचकाच्या डोळ्यासमोरची पारो गिल यांच्या कॅमेऱ्यातून आलेली नाही, ती महानोरांच्या शब्दांतून आलीय.

खानदेशातली देवळं कुणी टिपली?

अजिंठ्याइतका गाजावाजा खानदेशच्या देवळांचा झाला नाही. तरी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझेन्स कॅमेरा आणि मोजपट्टी घेऊन या भागात फिरले. दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरचं त्यांचं पुस्तक १९३१ मध्ये निघालं. साक्री तालुक्यातल्या बळसाण्याच्या देवळांसारखी ठिकाणं त्यात आहेत.

कझेन्स यांचे फोटो सुंदर असतात असं नाही. त्यात ऊन कडक असतं, कोन सरळ असतो आणि बऱ्याचदा अंदाज यावा म्हणून एखादा माणूस देवळाशेजारी उभा केलेला असतो. पण त्यांचं मोल वेगळं आहे. शिखर तेव्हा किती शिल्लक होतं, दरवाज्याच्या चौकटीवरची कोणती मूर्ती जागेवर होती, मंडपात झाड उगवलं होतं का, हे त्यातून कळतं. नंतर कुणी सिमेंट थापलं, ऑइल पेंट मारला, फरशी बसवली तर आधी काय होतं ते सांगणारा तोच साक्षीदार उरतो. खानदेशात रंग फासलेली हेमाडपंती देवळं कमी नाहीत.

एरंडोल तालुक्यातल्या फरकांड्याचं उदाहरण बघा. उतावळी नदीकाठचे तिथले झुलते मनोरे प्रसिद्ध होते. एक हलवला की दुसरा हलतो, असं लोक सांगायचे. दोनपैकी एक मनोरा कोसळला. दोन्ही मनोरे एकत्र बघायचे तर आता फक्त जुन्या फोटोत. अशा वेळी कुणाच्या तरी घरातला सहलीचा धुरकट फोटोही सरकारी कागदाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

चाळीसगावजवळच्या पाटण्याची गोष्ट याहून वेगळी आहे. डोंगराच्या कुशीतल्या या गावात डॉ. भाऊ दाजी लाड यांना एक शिलालेख सापडला. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्यासाठी दान मिळालं, अशी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची नोंद त्यात आहे. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे १८५४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीतल्या पहिल्या काही भारतीयांपैकी होते. म्हणजे मराठी माणसाच्या हातात कॅमेरा गोऱ्या साहेबापाठोपाठ लगेचच आला होता. 'फोटो काढणारे इंग्रज, काढून घेणारे आपण' हे चित्र पूर्ण खरं नाही.

फोटोतल्या माणसांची नावं कुठे गेली?

इंग्रजांनी देवळांबरोबर माणसांचेही फोटो काढले. १८६८ ते १८७५ या काळात 'भारतातले लोक' अशा अर्थाच्या नावाची आठ खंडांची मालिका सरकारी पुढाकारानं लंडनमध्ये छापली गेली. त्यात साडेचारशेहून जास्त फोटो आहेत. जात, जमात, धर्म अशी वर्गवारी करून प्रत्येकाचा 'नमुना' दाखवायचा आणि खाली त्या समाजाच्या स्वभावाबद्दल चार वाक्यं लिहायची. अमुक जमात विश्वासू, तमुक जमात लुटारू. १८५७ च्या उठावानंतर राज्यकर्त्यांना प्रजेची यादी हवी होती आणि कॅमेरा हे यादी करायचं नवं साधन होतं.

खानदेशाला हा दृष्टिकोन परका नव्हता. सातपुड्यातल्या भिल्लांना काबूत ठेवण्यासाठी १८२५ मध्ये जेम्स आउट्रम यानं इथे भिल्लांचीच पलटण उभी केली होती. भिल्ल म्हणजे एक तर बंडखोर किंवा सरकारी शिपाई, याच दोन चौकटींत त्यांना बसवलं गेलं. अशा नजरेनं काढलेल्या फोटोत माणूस ताठ उभा असतो, हातात धनुष्यबाण असतो आणि खाली जमातीचं नाव असतं. त्याचं स्वतःचं नाव नसतं.

ही सवय इंग्रज गेल्यावर गेली, असं म्हणता येत नाही. होळीच्या आधी धडगाव-अक्कलकुवा भागात भोंगऱ्या बाजार भरतो. तिथे पावरा, भिल्ल मुली चांदीचे दागिने घालून येतात, ढोल वाजतात आणि शहरातून कॅमेरे घेऊन आलेल्यांची गर्दी होते. (हा भाग १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होता, आता नंदुरबारमध्ये आहे.) त्यातले कितीतरी फोटो सोशल मीडियावर 'आदिवासी सौंदर्य' अशा ओळीखाली फिरतात. फोटो काढणाऱ्याचं नाव कोपऱ्यात वॉटरमार्क म्हणून असतं. फोटोतल्या मुलीचं नाव, गाव, तिला विचारलं होतं का, यातलं काहीच नसतं. दीडशे वर्षांत कॅमेरा बदलला. फोटोखालची ओळ मात्र फारशी बदललेली नाही.

फैजपूर, १९३६

डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन झालं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच अधिवेशन. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी आले होते आणि धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी सगळी उभारणी पेलली होती. मंडप, कमानी, प्रदर्शनाची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी केली. तीही बांबूसारख्या गावात मिळणाऱ्या साध्या सामानातून.

योगायोग असा की हेच नंदलाल बोस १९०९ च्या सुमारास तरुण चित्रकार म्हणून अजिंठ्याला आले होते. लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर त्यांनी लेण्यांतल्या चित्रांच्या नकला केल्या होत्या. अजिंठ्यानं शिकवलेला हात पुढे फैजपूरच्या कमानींत उतरला, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

अधिवेशन संपलं, बांबू काढले गेले. ती रचना कशी दिसत होती हे कळायला फोटोंचाच आधार आहे. गांधीजींच्या आयुष्याबद्दलचा मोठा संग्रह बघायचा असेल तर जळगावच्या जैन हिल्सवर 'गांधीतीर्थ' आहे. २५ मार्च २०१२ ला ते सुरू झालं.

प्रत्येक मोठ्या घटनेचा फोटो असतोच असंही नाही. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एक अशी गीतेवर १८ प्रवचनं दिली. मराठीतल्या सर्वाधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकांपैकी एक त्यातून तयार झालं. तुरुंगात कॅमेरा कुठून असणार? समोर बसून लिहून घेणारे साने गुरुजी होते म्हणून ती प्रवचनं उरली.

केकी मूस कोण होते?

आता चाळीसगाव. केकी मूस यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ चा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. आई-वडिलांचा चाळीसगावात सोडा वॉटरचा आणि मद्याचा व्यवसाय होता. मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिक्षण झाल्यावर ते इंग्लंडला गेले, तिथे कमर्शियल आर्ट आणि फोटोग्राफी शिकले आणि १९३० च्या दशकाच्या शेवटी परत आले. मुंबईत स्टुडिओ थाटता आला असता. ते चाळीसगावला आले आणि घराबाहेर पडायचंच त्यांनी बंद केलं.

या कोंडून घेण्यामागची गोष्ट खानदेशात बहुतेकांना तोंडपाठ आहे. मुंबईच्या एका मुलीवर प्रेम होतं, तिनं 'एक दिवस रेल्वेनं चाळीसगावला येईन' असा शब्द दिला होता. म्हणून ते रोज रात्री मेल गाडी येऊन जाईपर्यंत दार उघडं ठेवून, दिवे लावून वाट बघायचे. काही जण पंजाब मेल सांगतात, काही कलकत्ता मेल. पन्नास वर्षांत ते दोनदाच बाहेर पडले, एकदा आईच्या अंत्यसंस्कारासाठी आणि एकदा विनोबांचा फोटो काढण्यासाठी, असंही सांगितलं जातं.

गोष्ट चटका लावणारी आहे यात शंका नाही. युट्यूबवर 'मूस' शोधलं की तीच आधी समोर येते. तिचं एक नुकसान मात्र झालं. प्रियकर मूस सगळ्यांना माहीत झाले आणि फोटोग्राफर मूस मागे पडले. खरं तर देशविदेशातल्या प्रदर्शनांत पारितोषिकं मिळवणारा हा माणूस एका तालुक्याच्या गावातल्या बंद घरात बसून नेमकं काय करत होता, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

टेबलटॉप फोटोग्राफी म्हणजे काय?

मूस ज्यासाठी ओळखले जातात तो प्रकार म्हणजे 'टेबलटॉप'. नावातच सगळं आलं. निसर्गात जाऊन फोटो काढायचा नाही, टेबलावर निसर्ग उभा करायचा. वाळू, खडे, वाळलेली फांदी, कापूस, काच, आरसा, पीठ अशा वस्तू मांडायच्या, दिवे लावायचे आणि कॅमेरा असा ठेवायचा की फोटोत ते खरंखुरं दृश्य वाटावं. आरसा म्हणजे तळं. पीठ म्हणजे बर्फ. लांब ठेवलेला छोटा दिवा म्हणजे चंद्र.

ऐकायला सोपं वाटतं, पण यात सगळा खेळ प्रमाणाचा असतो. जवळच्या वस्तूचा फोटो काढताना पुढचं स्पष्ट आणि मागचं धूसर होतं, हे मोबाइलवर फुलाचा फोटो काढणाऱ्यालाही माहीत आहे. खऱ्या डोंगराच्या फोटोत तसं होत नाही. तिथे सगळं सारखंच स्पष्ट दिसतं. म्हणून टेबलावरचा डोंगर खरा वाटायचा तर लेन्सचं छिद्र अगदी बारीक करावं लागतं. छिद्र बारीक केलं की प्रकाश कमी आत येतो, मग शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात टेबलाला धक्का लागून चालत नाही. स्टेशनजवळच्या घरात, गाड्यांची ये-जा चालू असताना, हे काम किती चिकाटीचं असेल याचा अंदाज करता येतो. दुसरी अडचण प्रकाशाची. सूर्य एकच असतो, त्यामुळे खऱ्या दृश्यात सावल्या एकाच दिशेला पडतात. दोन दिवे चुकीचे लागले की बिंग फुटलं. आज हे संगणकावर होतं. मूस यांच्याकडे काळा-पांढरा रोल, डार्करूम आणि भरपूर वेळ होता.

मग याला 'वारसा' म्हणायचं का? फोटोत खानदेशचा डोंगर नाही, चाळीसगावचा बाजार नाही, सगळं घरात रचलेलं. हा आक्षेप रास्त आहे. त्याचं एक उत्तर मूस यांच्याच दुसऱ्या कामात आहे. त्यांनी माणसांचे फोटोही काढले. सुरकुतलेले म्हातारे, म्हाताऱ्या, रस्त्यावरची साधी माणसं, घरी आलेले नामवंत पाहुणे. नामवंतांची नावं आज सगळे घेतात. पण त्या सुरकुतलेल्या चेहऱ्यांसमोर जास्त वेळ थांबावंसं वाटतं. सरकारी पुस्तकातल्या 'नमुन्या'सारखे हे चेहरे उभे केलेले नाहीत. प्रकाश एका गालावरून उतरतो, डोळे जागे असतात आणि समोरच्या माणसाचं काहीतरी आयुष्य झालंय, हे लगेच कळतं. रेम्ब्रांट हा डच चित्रकार मूस यांचा लाडका होता. एकाच बाजूनं येणारा उजेड आणि बाकी अंधार ही त्याची रीत या फोटोंत दिसते.

मूस फक्त फोटोग्राफर नव्हते. चित्रं, लाकडातली शिल्पं, कागदाच्या घड्यांची कला, संगीत असं बरंच काही त्या घरात चालायचं. त्यांच्या मागे घराचं संग्रहालय झालं आणि आज त्यांच्या नावाचं प्रतिष्ठान ते सांभाळतं. चाळीसगाव स्टेशनवर उतरून चालत जाता येतं. वेरूळ, पितळखोरे किंवा पाटणादेवीला जाणारे कितीतरी लोक याच गावातून पुढे जातात. त्यातले थोडे तरी इथे वळले तर बरं होईल. लहान गावातली खासगी संग्रहालयं तिकिटावर चालत नाहीत, चिकाटीवर चालतात. जुन्या प्रिंट आणि निगेटिव्ह टिकवायला थंड, कोरडी खोली लागते आणि चाळीसगावचा मे महिना त्याच्या नेमका उलट असतो.

घरातल्या ट्रंकेतला वारसा

बाकी खानदेश घरोघरीच्या अल्बममध्ये आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणाऱ्या कानबाईचा फोटो घ्या. नारळाला नथ, दागिने, साडी नेसवून देवी चौरंगावर बसवतात, भाऊबंद एकत्र येतात, रोट होतात आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन होतं. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या अशा फोटोत देवीच्या मागे जे दिसतं ते बघण्यासारखं असतं. मातीची भिंत, धाब्याच्या घराची लाकडी कडीपाट, कोनाड्यातली चिमणी, ओळीनं लावलेली पितळी भांडी. फोटो काढणाऱ्यानं देवीचा काढला होता, पण घर आपोआप आलं. धाब्याची घरं आता गावोगाव पाडली जातायत आणि त्यांची नोंद अशा फोटोंतच उरणार आहे. आखाजीला झोक्यावर बसलेल्या माहेरवाशिणी, लग्नातली पंगत, पोळ्याची सजलेली बैलजोडी यांचंही तेच.

हे फोटो जपायचे तर काही गोष्टी लगेच करता येतात. फोटो लॅमिनेट करू नका. प्लॅस्टिक चिकटलं की पुन्हा निघत नाही आणि आत अडकलेली ओल फोटो खाते. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, पान सकटच स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो सोडवायच्या भानगडीत न पडता काचेवरूनच कॉपी करून घ्या. पत्र्याच्या खोलीतली लोखंडी ट्रंक आणि माळा या फोटोंसाठी सगळ्यात वाईट जागा. घरातलं आतल्या बाजूचं लाकडी कपाट बरं. स्कॅन करताना ६०० डीपीआय ठेवा आणि निगेटिव्ह असतील तर त्या फेकू नका. मूळ माल तोच आहे.

जुने सरकारी फोटो इंटरनेटवर शोधायचे असतील तर आजची नावं टाकून बऱ्याचदा काही मिळत नाही. गिल यांच्या आणि पुरातत्त्व खात्याच्या जुन्या फोटोंचा मोठा साठा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि तिथली नोंद त्या काळच्या इंग्रजी स्पेलिंगनं झालीय. धुळ्यासाठी 'धुलिया' शोधा. १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले. त्यामुळे त्यानंतरच्या नोंदींत जळगाव 'पूर्व खानदेश' आणि धुळे 'पश्चिम खानदेश' असं सापडतं, त्याआधीचं सगळं नुसतं 'खानदेश'. मुक्ताईनगर 'एदलाबाद' नावानं मिळेल.

सापडलेला फोटो वापरताना हक्काचा मुद्दा येतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतात छायाचित्रावरचा कॉपीराइट छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. 'नेटवर होता म्हणून घेतला' हे कायद्यात उत्तर नाही.

आणि एक काम आजच करण्यासारखं आहे. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं नावं, गाव आणि साल लिहा. बॉलपेन नको, त्याची शाई पुढच्या बाजूला उमटते. नावं विचारायची तर घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा आणि विचारताना मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. आजी अहिराणीत सांगत असेल तर तसंच राहू द्या. डावीकडून तिसरी कोण, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा नावानं सुरू होतं आणि त्या बाईचं माहेर, तिची नणंद, १९७२ चा दुष्काळ असं करत अर्ध्या तासानं संपतं.